सहा आठवडे रडायचं नाय

शेजारच्या पुतळाबाईनं घरातला वरवंटा उचलून आणला, तेव्हा मी दोन्ही हात पाठीमागं लपवले.

"कुंकू पुसलंत ते पुसलंत," मी बोलले, "बांगड्यांना हात लावलात तर याद राखा. तोच वरवंटा हिसकून घेईन."

अंगणात माझा नवरा निजवलेला, अन् मी अशी बोलते. बायकांनी तोंडाला पदर लावले. एक बोलली, हिला येड लागलं. दुसरी बोलली, येड कसलं, पयल्यापासून अशीच हाय ती. तिचं खोटं नव्हतं. मी तोंडाची फाटकीच. पण त्या दिवशी मी कशासाठी भांडत होते ते त्यांना ठाऊक नव्हतं, अन् समजावून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. आज सांगते.

पळसदरीला, धरणाच्या वाटेवर आमचं घर. घरात माणसं तीन. मी, मालक अन् सासू. मालकांचं नाव ते होते तोवर कधी घेतलं नाय, आता घेते, श्रीपत. कर्जतला कचेरीत शिपाई होते. सासूचं नाव भीमाबाई, मी आत्याबाई म्हणायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता, अन् भाजीत मीठ कमी पडलं तरी आत्याबाई त्याचं कारण तेच सांगायच्या. मी पण गप्प बसणारी नव्हे. त्या एक बोलल्या की माझे दोन तयार. मालक मधी बसून जेवायचे अन् म्हणायचे, "तुमचं दोघींचं झालं की मला ताक वाढा."

आत्याबाईंचा उजवा डोळा जुनाच गेलेला. भात झोडताना त्यात कुसळ गेलं, कुणीतरी पाल्याचा रस पिळला, अन् बुबुळावर पांढरं फूल पडलं ते पडलंच. रायला डावा. त्यात मोतीबिंदू झाला. चार वर्षं त्या चाचपडत होत्या. चुलीशी जायच्या तेव्हा माझा जीव टांगणीला लागायचा, पण तोंडातून मात्र "मरायचंय का जळून?" असंच निघायचं. त्यांनाही कळायचं बहुतेक, की ही काळजीनं ओरडते. एकदाही तसं बोलल्या नाय, पण कळायचं.

एकाहत्तर साली पौषात खालापूरच्या शाळेत डोळ्यांचं शिबीर लागलं. आत्याबाई ऐकायला तयार नव्हत्या. एकच डोळा, तोही कापायला द्यायचा? मालक त्यांच्या पायाशी बसून बोलले, "आई, चार वर्षं झाली, तू माझ्या तोंडाकडं बघून बोललेली नायस. कानाकडं बघून बोलतेस. एकदा नीट बघ ना मला." तेवढ्यावर ती बाई तयार झाली.

ऑपरेशन झालं. शाळेच्या वर्गात सतरंजीवर ओळीनं माणसं निजवलेली, दोन्ही डोळ्यांना पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही अंगाला वाळूच्या पिशव्या, मान हलू नये म्हणून. मुंबईच्या डॉक्टरीणबाई होत्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या, नीट समजावून सांगायच्या. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून आमच्यापुढं धरलं.

"ही काच बघा, कशी फुगीर आहे. तसाच एक पारदर्शक पडदा डोळ्याच्या काळ्या भागावर असतो. त्याच्या कडेला कापून मी मोतीबिंदू काढला आणि केसाहून बारीक रेशमाचे टाके घातले. टाक्यांनी तो पडदा एका बाजूला ओढला गेलाय. गोल होता, आता अंड्यासारखा झालाय. दिवस जातील तसा तो सैल होईल, आकार बदलत जाईल. सहा आठवड्यांनी बसेल. तेव्हा चष्म्याचा नंबर काढायचा, आधी काढला तर फुकट."

मी गोधड्या शिवते. दोरा ओढून घातला की कापड आकसतं, अन् वापरात सैल पडतं, ते मला कळलं.

"पण तोवर डोळ्यावर जोर यायला नको," त्या बोलल्या. "वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, खोकला आला तर लगेच सांगायचं. आणि रडायचं अजिबात नाही. हुंदक्यानं फार जोर येतो. टाका सुटला तर आतलं पाणी बाहेर येईल आणि हा डोळाही जाईल. दुसरा नाहीच त्यांना."

"हिला सांगा ते," मालकांनी माझ्याकडं बोट केलं. "माझ्या आईला रडवायचा मक्ता हिचा हाय."

वर्गातली सगळी आंधळी माणसं हसली. आत्याबाई पण हसायला लागल्या तशा डॉक्टरीणबाई ओरडल्या, "आजी, हसायचं पण नाही!"

मालकांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. मी फाटकापर्यंत गेले. तिथं ते थांबले. मग बोलले, "जानकी, सहा आठवडे भांडू नको. कायपण होऊ दे, तिला रडू देऊ नको. एवढं कर माझ्यासाठी." मी बोलले, "होय हो, नाय भांडत. तुमची आई म्हणजे काय काचेचं भांडं." ते हसले, चप्पल झटकली अन् खोपोलीच्या वाटेला लागले. तेवढंच. ते शेवटचं.

पट्टीखाली आत्याबाई नुसत्या माझ्या बांगड्या ऐकायच्या. मी उठले की "जानके?" बसले की "जानके?" मी चिडायची, इथंच हाय की मी! तर बोलायच्या, "बांगड्या वाजल्या की कळतं गं. नाय वाजल्या की वाटतं मला टाकून गेलीस."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी नळावर त्यांचं लुगडं धूत होते. मालकांचा चुलतभाऊ सोमा फाटकातून येताना दिसला. त्याचं तोंड बघितलं अन् मी लुगडं नळाखाली तसंच टाकून उठले. सकाळी बैलाला टाकायला मालकांनी उडवीतून पेंढा ओढला, पेंढ्यात फुरसं होतं. हाताला डसलं. कर्जतला नेईपर्यंत संपलं होतं. सोमा ते सांगता सांगता गळा काढायला लागला. मी माझ्या पदराचा बोळा करून त्याच्या तोंडात कोंबला.

"आवाज काढू नको," मी बोलले. "खिडकीच्या पलीकडं ती हाय."

आपल्यात मर्तिकाला माणूस आला की लांबूनच हेल काढून रडत येतो. ती रीतच हाय, न रडणारा दगड. पण त्या घडीला माझ्या डोक्यात दुसरं कायच नव्हतं, नुसतं डॉक्टरीणबाईंचं घड्याळ अन् मालकांचं फाटकावरचं बोलणं. आज विचाराल तर मला सांगता येणार नाय, ते शहाणपण होतं का खुळेपण. मी तोंड धुतलं, आत गेले अन् बोलले, "आत्याबाई, मालकांना साहेबांनी पेणला धाडलंय, कचेरीच्या कामाला. घराला कुलूप घालून येते, उद्या सकाळी हजर."

"पेणला? किती दिवस?"

"त्यांनाच ठाऊक."

"मला न सांगता गेला? बरं. तू मात्र ये गं."

तशी मी घरी आले, अन् मग तो वरवंटा. छप्पन साली आमी धम्म घेतला, जुनं सगळं सोडलं असं भाषणात सांगतो, पण बाईचा नवरा गेला की म्हाताऱ्यांचे हात आपसूक तिच्या कपाळाकडं जातात. कुंकू कधी पुसलं ते मला कळलंच नाय. बांगड्यांची पाळी आली तेव्हा शुद्धीवर आले. माझे हात मुके झाले तर त्या बाईला मी काय सांगू? हिरव्या काचेच्या सहा-सहा बांगड्या. मालकांनीच कर्जतच्या बाजारातून आणलेल्या.

माती दिली. रात्र कशी गेली ठाऊक नाय. सकाळच्या गाडीनं मी खालापूरच्या वाटेला. वर्गात पाऊल टाकलं तर आत्याबाई बोलल्या, "आली. वाजल्या बांगड्या. कुठं उलथली होतीस रात्रभर?" अन् हात पुढं केला. तो हात धरून मी बसले. माती देऊन आलेली मी, अन् विचारते, भात खाल्ला का, कोरडा तर नाय ना वाढला.

मालकांच्या नावाचा जलदानाचा विधी सोमाच्या घरी झाला, मी नव्हते. बायकोच नाय विधीला. त्याचा बोल मला जन्मभर लागलाय, लागू दे.

आठव्या दिवशी पट्टी सोडली. डॉक्टरीणबाईंकडं पत्र्याची थाळी होती, तिच्यावर एकात एक काळ्या-पांढऱ्या कड्या रंगवलेल्या, मधी भोक. ती आत्याबाईंच्या डोळ्यापुढं धरून त्या भोकातून बघत होत्या. मला बोलावलं. "बघा, कड्या डोळ्यात उमटल्यात. दिसल्या का कशा लांबट झाल्यात?" खरंच, त्या काळ्या बुबुळावर इवल्या इवल्या कड्या होत्या, एका अंगाला ओढलेल्या. "ह्या गोल होतील त्या दिवशी चष्मा देईन," बोलल्या. त्या पुढं दर गुरुवारी कर्जतच्या दवाखान्यात यायच्या, तिथं यायला सांगितलं.

घरी आणलं. बिनचष्म्याचं त्यांना उजेड कळायचा, माणूस हलला ते कळायचं, तोंड नाय कळायचं. कांबळ्याआडून बघावं तसं. म्हणून मी बांगड्या ठेवल्या अन् कपाळाचा विचारच केला नाय. आरसा तर मी पालथा घालून ठेवला होता.

खरं संकट पुढं होतं. भेटायला येणारी माणसं. वाडीतल्या लोकांना मी घरोघर जाऊन दम भरला, आमच्या दारात कुणी डोळ्याला पदर लावला तर माझ्याशी गाठ हाय. पुतळाबाईसुद्धा गप्प रायली, वरवंट्याची आठवण असेल. पण गावोगावचे नातेवाईक? त्यांना कोण सांगणार? मग मी रोज पळसदरीच्या फलाटावर जाऊन उभी रायची. गाडी थांबली की ओळखीचं तोंड हुडकायची अन् धावत जाऊन दंड धरायची. "रडायचं ते इथं रडा. पोटभर रडा. मग नळावर तोंड धुवा अन् घरी चला. तिथं हसून बोलायचं, श्रीपत पेणला गेलाय." म्हातारी माणसं बाकड्यावर बसून रडायची, मी शेजारी उभी, कोरडी. एका बाईनं मला विचारलं, "तू गं? तू नाय रडत?" मी बोलले, "मला येळ नाय."

अन् येळ नव्हताच. रडायला बसले असते तर उठलेच नसते, एवढं मला कळत होतं.

मालकांची थोरली बहीण कोंडी, डोलवलीला दिलेली. बाळंतीण होती म्हणून उशिरा आली. डब्यातून उतरली ती ऊर बडवतच. मी तिचे हात धरले. तिनं माझ्या बांगड्या बघितल्या अन् तिचं रडणंच थांबलं.

"माझा भाऊ मातीत, अन् तू नटून फिरतेस?"

"कोंडाक्का, तुमच्या आईच्या डोळ्यासाठी," मी सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, पण डोळ्यातला राग गेला नाय. तोंड धुऊन घरी आली. आईजवळ बसली. थोडं इकडचं तिकडचं बोलणं झालं अन् आत्याबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला.

"पोरी, ओली बाळंतीण तू, आईला बघायला आलीस. पोरगा का नाय गं आला? तीन आठवडे झाले. पेण काय इलायतेत हाय? माझ्यापासून कायतरी चोरताय तुमी. त्याचं कायतरी झालंय. खरं सांगा, त्याचं कायतरी झालंय."

अन् त्यांचा आवाज फुटायला लागला. खालचा ओठ थरथरला. कोंडीनं तोंडात पदर कोंबला अन् ती मागल्या दारी पळाली. मी आत्याबाईंच्या त्या डोळ्याकडं बघत होते. हुंदका गळ्याशी आला होता, मला दिसत होता. आणखी एक श्वास, अन् सगळं गेलं असतं.

"झालंय ना!" मी जोरात बोलले. "त्यांनी पेणला बाई ठेवलीय."

मला ठाऊक नाय ते कुठून आलं. तोंडातून निघालं.

आत्याबाईंचा ओठ थांबला. "काय?"

"बाई ठेवलीय. मला पोर होत नाय म्हणून. दारू पण पितात. तुमाला कुणी सांगत नाय."

"माझा श्रीपत?"

"तुमचा श्रीपत."

मग त्यांच्या तोंडावर लाली चढली अन् त्या उठून बसल्या. "थांब त्या मुडद्याला. थांब." डोळे कोरडे. मला तेव्हा कळलं, माणूस संतापलं की त्याला रडू येत नाय. मला तरी आधीच कळायला पायजे होतं, मी जन्मभर तेच करत आले होते.

कोंडीनं मागल्या दारातून सगळं ऐकलं होतं. जाताना फलाटावर बोलली, "मेलेल्या माणसाचं नाव खराब केलंस. दारूच्या थेंबाला शिवला नाय माझा भाऊ. जानकी, पुन्हा तुझं तोंड बघणार नाय." बघितलं नाय तिनं. अजून नाय.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी थाळी धरली. कड्या जराशा लांबट, पण पयल्यापेक्षा बऱ्याच सुधारलेल्या. "छान. काही रडारड नाही ना?" बोलल्या. आत्याबाईच बोलल्या, "रडायला काय झालंय? मला पोरगाच नाय, तर रडू कुणासाठी?"

अन् त्या दिवसापासून शिव्यांची झड लागली. सकाळी उठल्यापासून. कणगीतलं भात संपत आलं तरी श्रीपतला शिव्या, कोंबडी निजायला आली तरी श्रीपतला शिव्या. बापाच्या वळणावर गेला, बायकोच्या जिवावर उठला, त्याच्या हाताला किडे पडोत. हाताला बोलल्या तेव्हा मी भाकरी थापत होते. त्या हातावरच फुरसं डसलं होतं. मी परातीत तोंड घातलं अन् पीठ तोंडाला लागलं तसं पुसून परत थापायला लागले. शिव्या थांबवाव्या तर शंका येणार, अन् राग थंड झाला तर रडू येणार. म्हणून मीच मधी मधी लाकूड सारायची. "पगार पण तिलाच देतात म्हणे." मनात म्हणायची, मालक, ऐकू नका. ऐकत असाल तर समजून घ्या, तुमीच सांगून गेलात.

सगळ्यात वाईट काय सांगू? त्या माझ्याशी चांगल्या वागायला लागल्या. ज्या तोंडानं सहा वर्षं मला वांझ म्हटलं त्याच तोंडानं एक दिवस बोलल्या, "जानके, मीच पोरापायी तुला टोचून टोचून बोलले, ते त्यानं मनात धरलं. पाप माझं हाय." अन् माझ्या डोक्याला तेल घालायला बसल्या, चाचपडत. "तू गप्प गप्प असतेस गं आजकाल. भांडत पण नायस. एवढी खचू नको. चष्मा मिळू दे मला. पयल्यांदा पेणला जाते. कान धरून आणते त्याला तुझ्यापुढं. अन् नाय आला तर मेला तो माझ्यापुरता. तू माझी लेक, तो माझा कोण नाय."

तेलाची वाटी माझ्या मांडीवर होती. ती सांडली. "सांडलीस ना? डोळे हायत का काय?" त्या बोलल्या, अन् आपल्याच बोलण्याला हसल्या.

सहा आठवडे पुरे झाले तो गुरुवार. मी ठरवून ठेवलं होतं, डॉक्टरीणबाईंनी मोकळं सोडलं की घरी न्यायचं, सोमाला बोलवायचं, पाणी पाजायचं, मांडीवर डोकं घ्यायचं अन् मग सांगायचं. सगळं ठरवलं होतं. आत्याबाईंनी त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं. पिशवीत चार भाकऱ्या बांधायला लावल्या. "कशाला?" तर बोलल्या, "कर्जतवरनं तसंच पेणला जायचं. मोटार मिळेल का?"

दवाखान्यात थाळी धरली. मी भोकातून बघितलं. कड्या गोल झाल्या होत्या, माझ्या हातातल्या बांगड्यांसारख्या गोल. खरं सांगते, मला त्या घडीला आनंद झाला. नवरा जाऊन सहा आठवडे झालेले अन् मला आनंद झाला. वाटलं, मालक, राखला बघा तुमच्या आईचा डोळा.

डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंच्या नाकावर लोखंडी चौकट चढवली अन् एक एक जाड काच घालत गेल्या. "आता? आता कसं?" चार-पाच काचा झाल्या अन् आत्याबाई एकदम ताठ झाल्या.

"अगं बाई. खिडकीला गज हायत." मग बोलल्या, "बाई, तुमच्या साडीला निळे काठ हायत. तुमी तर पोरगीच हाव गं, मला वाटलं म्हातारी असाल." डॉक्टरीणबाई हसल्या. आत्याबाईंनी आपला हात उलटा-सुलटा करून बघितला. "जानके, कुठं हायस? इकडं ये. उजेडात ये."

मी गेले. हसत गेले. बांगड्या वाजवत गेले, येड्यासारखी.

त्यांनी माझी हनवटी धरली. "किती वाळलीस गं. हाडं वर आली." बोट गालावरून वर सरकत गेलं अन् कपाळावर थांबलं. तिथं त्यांनी अंगठ्यानं चोळून बघितलं. मग चौकट डोळ्यावरून काढली अन् डॉक्टरीणबाईंपुढं धरली.

"बाई, काच पुसा जरा. हिचं कुंकू दिसत नाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. डॉक्टरीणबाईंनी फडक्यानं काच स्वच्छ पुसली, चौकट परत नाकावर बसवली. "आता बघा आजी."

आत्याबाईंनी बघितलं. नवऱ्यानं टाकलेली बाई पण कुंकू लावते, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. कपाळ बघितलं. मग माझे डोळे बघितले. मग मान खाली घालून बांगड्या बघितल्या, बराच वेळ, एक एक मोजल्यासारख्या. खोलीत दुसरा पेशंट खोकत होता. डॉक्टरीणबाई कागदावर नंबर लिहीत होत्या.

"बाई," आत्याबाईंनी विचारलं, अगदी हळू, "आता रडलं तर चालंल का?"

डॉक्टरीणबाईंना काय ठाऊक. लिहिता लिहिता हसून बोलल्या, "हो आजी, आता सगळं चालेल. हसा, रडा, काय हवं ते करा."

"कधी?" आत्याबाईंनी मला विचारलं.

"ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी. फुरसं."

मग त्यांनी जो गळा काढला तो कर्जतच्या अर्ध्या बाजारानं ऐकला असेल. डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन पडलं. "शिव्या घातल्या गं मी! मेलेल्या लेकराला शिव्या घातल्या! हाताला किडे पडो बोलले! मेला माझ्यापुरता बोलले! तू का बोलू दिलंस मला? का गं बोलू दिलंस?" अन् माझ्या दंडावर गुद्दे मारत होत्या, अन् मारता मारता मलाच धरून होत्या. पिशवी खाली पडली, भाकऱ्या फरशीवर पसरल्या.

अन् मी काय करत होते? मी त्यांच्या डोळ्याकडं बघत होते. सवय लागली होती ना. जाड काचेमागं तो डोळा मोठा दिसत होता, पाणी नुसतं वाहत होतं, हुंदक्यानं सगळं अंग हलत होतं, अन् मी बघतेय, टाका सुटला का, पडदा हलला का. काय झालं नाय. चांगला बसला होता डोळा.

दमल्या तेव्हा त्यांनी चौकट काढून पदरानं तोंड पुसलं, चौकट परत घातली अन् माझ्याकडं बघितलं. कानाकडं नाय. तोंडाकडं.

"तू कधी रडलीस?"

"नाय रडले."

"एकदा पण नाय?"

"तुमाला ऐकू आलं असतं, आत्याबाई."

त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं अन् आपल्या छातीशी ओढलं. "मग रड की आता," त्या बोलल्या, "तुझ्या डोळ्याला कुठं टाके हायत?"

मग मी रडले.